साताऱ्याचा दरबार आणि श्रद्धेचे राखणदार

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी, सांगलीकडील ख्रिस्ती घराण्यातला, एक जीर्ण पुस्तक घेऊन माझ्याकडे आला. पुस्तक म्हणजे ‘उपासना संगीत’. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आराधनेच्या वेळी ज्यातून पदे म्हणतात ते. ते त्याच्या आजीचे. बांधणी सुटलेली, कडा वापराने मऊ झालेल्या. आतील रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पुष्कळ पदांवर शिसपेन्सिलीने बारीक फुल्या मारलेल्या होत्या. त्या कोणी मारल्या असे मी विचारले, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, “मीच, सर.”

झाले होते असे, की बाहेरगावच्या एका तरुण उपदेशकाने त्यांच्याकडे येऊन खोट्या शिक्षणाविषयी सावध करणारी प्रवचने केली. खोटे शिक्षण नेहमीच उघड शत्रूच्या रूपाने येत नाही, ते गोड चालींतून आणि ओळखीच्या शब्दांतून घरात शिरते, असा त्याचा रोख होता. उदाहरणादाखल त्याने टिळकांची पदे काढली. प्रभूला गुरुमाउली म्हणणे, वारकऱ्यांच्या अभंगात त्याला आळवणे, हे त्याच्या मते मिश्रण होते. नातवाने घरी येऊन फुल्या मारल्या. आजीबाईंनी नातवाशी अबोला धरला. ‘टिळक खोटे शिकवीत होते का?’ एवढाच प्रश्न घेऊन तो माझ्याकडे आला होता.

मी ख्रिस्ती नव्हे. त्यामुळे कोणते मत शास्त्रशुद्ध आणि कोणते अशुद्ध याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही, हे मी त्याला प्रथमच सांगितले. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला एक गोष्ट करता येते: राखण कोणी केली, कशाची केली, आणि तसे करताना त्यांच्या हातून काय सुटले व काय राहिले, ते पाहता येते. या प्रश्नाचा एक फार महत्त्वाचा अध्याय आपल्याच साताऱ्यात घडला आहे. त्या वेळी जे थोडेबहुत मी त्या विद्यार्थ्यास सांगितले, तेच येथे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. उपदेशकाची भीती हास्यास्पद नाही. श्रद्धेच्या क्षेत्रात खरे आणि खोटे यांची पारख करण्याची गरज प्रत्येक धर्माला भासलेली आहे. साताऱ्याजवळच सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे, त्या समर्थांनी ‘दासबोधा’त एक संपूर्ण समास गुरुलक्षणाला दिला आहे. करामती दाखविणाऱ्यांना आणि नाना विद्या शिकविणाऱ्यांनाही लोक गुरू म्हणतात, पण सद्गुरू तो नव्हे, हे ते तेथे निक्षून सांगतात. म्हणजे ज्या मातीत हा प्रश्न ख्रिस्ती लोकांपुढे उभा राहिला, तिला तो काही नवा नव्हता. उलट बाजूही याच मातीत आहे. तुकोबांच्या अभंगांना वेदविरुद्ध ठरवून ते इंद्रायणीत बुडविण्यास लावणारे रामेश्वरभट्टही आपापल्या परीने धर्माचे राखणदारच होते; आणि तेच पुढे तुकोबांचे शिष्य झाले असे परंपरा सांगते.

‘पाखंड’ या शब्दाचीच कथा पहा. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पाषंड’ म्हणजे केवळ पंथ. सर्व पाषंडांचा सन्मान करावा, असा त्या राजाचा उपदेश आहे. पुढे स्मृतिकारांच्या हाती हा शब्द शिवी झाला. ग्रीक भाषेतही नेमके असेच घडले. ज्या शब्दापासून युरोपीय भाषांतील पाखंडवाचक शब्द निघाला, त्या ‘हैरेसिस’चा मूळ अर्थ निवड, पंथ, विचाराची शाखा, इतकाच होता. दोन दूरदूरच्या संस्कृतींत एकाच जातीचा शब्द एकाच दिशेने घसरावा, याला योगायोग म्हणणे मला जड जाते. स्वतःचा मार्ग एकदा निश्चित झाला, की दुसऱ्याची ‘निवड’ हीच चूक वाटू लागते.

आता पदांविषयी. गाण्यातून मत पसरते ही गोष्ट चर्चच्या पहिल्या शतकांतच सर्वांच्या ध्यानी आली होती. पुत्राला आरंभ आहे, तो पित्याच्या बरोबरीचा नाही, असे शिकविणारा अलेक्झांड्रियाचा एरियस याने आपले मत पद्यात गुंफले होते. त्याच्या विरुद्ध इसवी सन ३२५ मध्ये नायसिया येथे धर्माध्यक्षांची परिषद भरली आणि पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, असा निर्णय झाला. आमच्या तरुण उपदेशकाने या निर्णयाचा अभिमान जरूर बाळगावा; पण त्याने एवढे लक्षात घ्यावे, की ‘एकतत्त्व’ या अर्थाचा जो ग्रीक शब्द त्या परिषदेने वापरला, तो बायबलात कोठेही नाही. तो तत्त्वज्ञांच्या बोलीतून उचललेला होता, आणि त्या वेळी पुष्कळ सज्जनांना त्याच कारणास्तव तो खटकला. खोटी शिकवण बाहेर ठेवण्यासाठी जी भिंत बांधली, तिची मुख्य वीट परक्या भट्टीतली होती!

सिरियातला एफ्रेम याची गोष्ट तर येथे फारच लागू पडते. तो चौथ्या शतकातला, ३७३ साली वारला. बार्दैसान नावाच्या पूर्वीच्या एका पंथप्रवर्तकाची गाणी लोकांच्या तोंडी बसलेली होती. एफ्रेमने त्याच चाली घेऊन त्यांत आपल्या मंडळीला मान्य असे शब्द बसविले, आणि स्त्रियांच्या मेळ्यांकडून ती गाणी चर्चमध्ये गाऊन घेतली, असे सांगतात. चाल परक्याची, अर्थ आपला. चर्चने एफ्रेमला पाखंडी म्हटले नाही, संत म्हटले.

हे सारे दूर देशीचे झाले. आता कृष्णाकाठी येऊ.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी सांगली जिल्ह्याचे पूर्वीचे नाव दक्षिण सातारा हेच होते; १९४९ साली झालेला तो जिल्हा १९६० मध्ये सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. पण ख्रिस्ती मंडळ्यांच्या नकाशात ही दोन ठिकाणे त्यापूर्वीपासूनच निराळी होती. सातारा हे अमेरिकन मराठी मिशनचे क्षेत्र. या मिशनचे पहिले उपदेशक १८१३ साली मुंबईस उतरले, १८३१ साली नगरला त्यांचे मुख्य ठाणे झाले, आणि साताऱ्याचे संस्थान १८४८ त खालसा झाले त्या सुमारास ते येथवर पोहोचले. कोल्हापुरास १८५२ साली रॉयल वाइल्डर हेही याच मिशनचे म्हणून आले. परंतु वरिष्ठांशी मतभेद होऊन ते स्वतंत्र झाले, आणि १८७० साली त्यांचे काम प्रेस्बिटेरियन मंडळाने आपल्याकडे घेतले. पुढे सांगली व मिरज ही त्याच मंडळाची ठाणी झाली. सांगलीची उद्योग व शेती शिकविणारी शाळा आणि मिरजेचे डॉक्टर वानलेस यांचे रुग्णालय त्यांतूनच उभे राहिले.

बाहेरच्या माणसाला दोन्ही मिशनचे लोक सारखेच दिसत. तेच बायबल, तोच रविवार, तीच प्रार्थना. पण श्रद्धेची राखण करण्याच्या त्यांच्या रीती भिन्न होत्या. सांगलीकडील प्रेस्बिटेरियनांचे शासन पाळक आणि वडील यांच्या चढत्या सभांचे, आणि त्यांच्यामागे वेस्टमिन्स्टरचा तेहेतीस प्रकरणांचा विश्वासांगीकार उभा. सतराव्या शतकात इंग्लंडात यादवी चालू असता विद्वान धर्मशास्त्र्यांनी तो रचला. त्याच्या जोडीला एकशेसात प्रश्नांची लहान प्रश्नोत्तरावली. शिकविणाऱ्याने काय शिकवावे हे तेथे लिहून ठेवलेले, आणि चुकल्यास विचारणारी सभा तयार. साताऱ्याकडील काँग्रिगेशनल मंडळ्यांत प्रत्येक स्थानिक मंडळी आपल्यापुरती स्वतंत्र. सभासदांनी मिळून केलेला एक करार, आणि त्यावर परस्परांचा विश्वास. एका बाजूस दस्तऐवज, दुसऱ्या बाजूस सहवास, असे मी थोडक्यात म्हणेन. अर्थात असे थोडक्यात म्हटले की थोडा अन्याय होतोच. इंग्लंडातील यादवीच्या वेळचे ते तेहेतीस प्रकरणांचे ओझे हिंदुस्थानात तसेच्या तसे वाहता येणार नाही, हे प्रेस्बिटेरियनांनाही उमगले होते. १९०४ साली त्यांच्या बऱ्याच मंडळ्यांनी येथे एक चर्च स्थापिले, तेव्हा वेस्टमिन्स्टरचा आदर राखून त्यांनी स्वतःसाठी अवघ्या बारा कलमांचा विश्वासांगीकार केला. १९२४ साली तर काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया या नावाखाली एकत्र आल्या, आणि १९७० साली नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. ज्या भेदांसाठी मागल्या पिढ्यांनी एकमेकांस दूर ठेविले, ते पुढल्या पिढ्यांना एका छपराखाली नांदण्याइतके लहान वाटले.

साताऱ्याचे ज्या मिशनशी नाते होते, तिच्यातच एक वाद असा पेटला की त्याच्या ज्वाळा अमेरिकेत दिसल्या. नगरचे रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम हे मुंबईतच १८४७ साली जन्मलेले. १८८६ साली ते रजेवर मायदेशी असता अँडोव्हर येथील एका समारंभात बोलले. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव जिवंतपणी कधी पडलेच नाही, त्यांना मरणानंतर एखादी संधी मिळत असेल असे मानण्यास वाव ठेवला, तर हिंदुस्थानातील उपदेशकाच्या मनावरचा भार हलका होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. झाले! मिशनचे वरिष्ठ बिथरले. असे मानणाऱ्यास परत पाठवावे की नाही यावर सभांतून घनघोर चर्चा झाल्या, ह्यूमसाहेबांचे परतणे अडून राहिले, आणि अखेर १८८७ साली त्यांना परत येऊ देण्यात आले.

हा वाद बोस्टनच्या शास्त्रीमंडळींना तत्त्वाचा वाटला. आपल्याला तो निराळा दिसतो. भाद्रपदाच्या वद्य पक्षात ज्या घरी वाडवडिलांच्या नावाने पान वाढले जाते, त्या घरातला मुलगा ख्रिस्ती झाला, तर त्याच्या मनात पहिला प्रश्न कोणता येईल? ‘माझे आजोबा आता कोठे आहेत?’ हाच. त्याला जर उत्तर मिळाले की ते नरकात आहेत, कारण उपदेशक त्यांच्या गावी वीस वर्षे उशिरा पोहोचला, तर ते उत्तर शास्त्रशुद्ध असो वा नसो, ते ऐकून तो मुलगा देवाविषयी काय शिकेल? ह्यूमसाहेबांनी मत मांडले ते अँडोव्हरला. पण त्या मताला जन्म दिला नगरकडच्या खेड्यांनी, असे मला वाटते. खोटी शिकवण ती हीच, की त्या मुलाला दिलेले कठोर उत्तर हीच, याचा निवाडा माझ्या हाती नाही. पण प्रश्न कोणाच्या ओटीवर उभा राहिला हे निवाडा करणाऱ्यांना बहुधा दिसत नव्हते.

राखणीची दुसरी जागा म्हणजे शब्द. येथे राखणदारांचे काम फार अवघड होते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मराठीत धर्माचा प्रत्येक शब्द आधीच कोणाच्या तरी घरचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाच्या शास्त्र्याला येशू नव्या जन्माविषयी सांगतो. ‘पुनर्जन्म’ हा शब्द समोर तयार असताना भाषांतरकारांनी तो घेतला नाही, आणि बरेच केले. नाहीतर सारे प्रकरण चौऱ्यांशी लक्ष योनींत जाऊन पडले असते. पंडिता रमाबाईंनी तर स्वतः इब्री व ग्रीक शिकून आख्खे बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. वेदान्ताचा वास असलेले संस्कृत शब्द टाळून साध्या बायकांना कळेल अशी भाषा वापरण्यावर त्यांचा कटाक्ष होता. गंमत अशी, की शब्दांची इतकी कडक राखण करणाऱ्या रमाबाई तारुण्यात स्वतः संशयित होत्या! १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्रैक्याचे सूत्र त्यांनी मुकाट्याने मान्य केले नाही, तेव्हा तेथील त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना त्यांची चिंता लागून राहिली. भटांचे जू मानेवरून काढले ते दुसऱ्या पुरोहितांचे घालून घेण्यासाठी नव्हे, असे त्यांनी १८८५ सालच्या पत्रव्यवहारात सुनावले आहे. रमाबाईंच्या शंका पुढे मिटत गेल्या. त्या मिटविण्यात सिस्टरांच्या धाकापेक्षा आपल्याच नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांच्या लिखाणाचा वाटा अधिक होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शास्त्रीबोवा स्वतः आयुष्यभर शंकांशी झगडलेले गृहस्थ. शंकेखोराशी कसे बोलावे ते त्यांना ठाऊक होते.

याहून जुने उदाहरण गोव्याचे. तेथे १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसलेले. अशा काळात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचले, त्यात स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’ म्हटले, आणि तो ग्रंथ १६१६ साली रीतसर परवानगीने छापला गेला. त्याच गोव्यात पुढे १६८४ साली देशी भाषांवरच बंदीचे फर्मान निघाले. पहिले राखणदार वैकुंठ शब्दाला भ्याले नाहीत. दुसऱ्यांना भाषेचीच भीती वाटली. पहिल्यांनी ठेवलेले पुराण आजही वाचले जाते.

आता टिळक. त्यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून त्यांची ओळख शाळेपासून आपणां सर्वांना असते. १८९३ च्या सुमारास आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतर नगरला ह्यूमसाहेबांच्या सहवासात त्यांनी काम केले. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चे संपादन त्यांच्याकडे आले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते सांगत. त्यांच्या आधीची मराठी ख्रिस्ती गीते पुष्कळ अंशी इंग्रजी चालींवर बेतलेली. टिळकांनी शेकड्यांनी पदे लिहिली ती अभंगाच्या आणि भजनाच्या वळणावर. एफ्रेमने सिरियात केले तेच टिळकांनी नगरास केले, पण एका फरकाने. एफ्रेमने चाली घेतल्या त्या प्रतिपक्षाच्या. टिळकांनी घेतल्या त्या घरच्या होत्या. त्यांना प्रतिपक्ष मानणे त्यांच्या मनाला शिवलेच नाही.

एकवीस-बावीस वर्षे मिशनची सेवा केल्यावर १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, आणि ते साताऱ्यास येऊन राहिले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्तभक्त येऊ शकत, आणि न घेतलेलेही. दोघेही येशूचे शिष्य, दोघेही भाऊ. चर्च त्यांनी सोडले नव्हते; पण चर्चच्या दाराबाहेर त्यांनी एक अंगण काढले, आणि अंगणाला कुंपण घातले नाही.

हे अंगण पाहून पुष्कळ मंडळी अस्वस्थ झाली असल्यास नवल नाही. बाप्तिस्मा न घेता जर शिष्य होता येते, तर बाप्तिस्मा कशासाठी? ज्यांनी त्यासाठी घरदार सोडले, भाऊबंदांचा बहिष्कार सोसला, विहिरीवर पाणी मिळेनासे झाले तरी माघार घेतली नाही, त्या लोकांनी काय समजावे? त्यांच्या यातना अनावश्यक होत्या? हा आक्षेप केवळ पंडितांचा नाही, त्यामागे माणसांची आयुष्ये आहेत. टिळकांचा मी चाहता असलो, तरी या आक्षेपाला त्यांच्याकडे पुरेसे उत्तर होते असे मला वाटत नाही.

पण दरबाराची कल्पना त्यांना कोठून सुचली असावी? आश्रम, मठ, वारकऱ्यांचे फड, अशी अनेक उगमस्थाने दाखविता येतील. मला मात्र तिचे मूळ टिळकांच्या स्वतःच्या घरात दिसते. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. काही वर्षे नवराबायको दुरावले; मग त्या नगरला आल्या, पण सोवळेओवळे सांभाळून. पुढे त्या एकेक बंधन आपल्या मनाने सोडीत गेल्या. जातिभेद देवाने केला नाही, माणसाने केला, हे त्यांना उमगले ते बाप्तिस्म्याच्या आधीच. आणि मग १९०० साली त्यांनी दीक्षा घेतली. हा सर्व प्रवास ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी ज्या मोकळ्या विनोदाने सांगितला आहे, त्याला मराठीत तोड नाही. आता विचारा, की लक्ष्मीबाई ख्रिस्ताच्या शिष्या कधी झाल्या? नोंदवहीतली तारीख १९०० ची. परंतु ज्याने ती वाटचाल रोज जवळून पाहिली, त्या नवऱ्याला ती तारीख उंबरठा वाटेल की वाटेतला एक मुक्काम? दरबारात टिळकांनी दोन प्रकारच्या शिष्यांना शेजारी बसविले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे आपले नगरचे घर असले पाहिजे. हा माझा तर्क आहे. पुरावा म्हणून कोणी त्याचा उपयोग करू नये.

दरबार टिकला नाही. टिळकांची प्रकृती ढासळली, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. ज्या संस्थेला ना उंबरठा ना नोंदवही, ती संस्थापकामागे फार दिवस राहत नाही. या बाबतीत राखणदारांचे खरे ठरले असे म्हणावे लागेल. मंडळ्या राहिल्या त्या करारांमुळे, सभांमुळे, वडिलांमुळे. परंतु त्या मंडळ्यांनीच टिळकांची पदे आपल्या पुस्तकात ठेविली, आणि दर रविवारी म्हटली. त्यांच्यावर पाखंडाचा ठपका ठेवून कोणी त्यांना बाहेर काढले नाही. त्यांचे पहिले विस्तृत इंग्रजी चरित्र १९२३ साली लिहिले ते जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी. परंपरेविषयी दक्ष असलेल्या पंथाचा हा मनुष्य, पण त्याला टिळकांत धोका दिसला नाही. त्याच मिशनचे जस्टिन ॲबट तर निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून महीपती आणि तुकारामांची इंग्रजी भाषांतरे करीत राहिले.

तेव्हा उपदेशकाच्या आक्षेपाचे काय? शब्द आपला जुना अर्थ बरोबर आणतात, हे त्याचे म्हणणे खरे. ‘गुरुमाउली’ म्हणताच मराठी मनात ज्ञानदेव उभे राहणार, त्याला इलाज नाही. पण शब्द नव्या घरी राहू लागले की नवा अर्थही धरतात. ‘मंडळी’ हा शब्द एरवी आपण लग्नाच्या पंगतीला किंवा नाटकाच्या कंपनीला लावतो. सांगलीच्या ख्रिस्ती वस्तीत तो उच्चारा, तेथे चर्चच डोळ्यांपुढे येईल. शंभर वर्षे ज्या शब्दाने लोकांनी आपल्या प्रभूला हाक मारली, त्यांची लग्ने लागली, माणसे पुरली गेली, तो शब्द अजून शेजाऱ्याचाच आहे असे म्हणणे हे मला भाषेच्या दृष्टीने तरी चुकीचे वाटते. उपदेशक स्वतः ‘देव’ हा शब्द निःशंकपणे वापरतो. त्या शब्दाची कुळकथा कोणी त्याला सांगितली, तर त्याचे पुढचे प्रवचन कोणत्या भाषेत होईल?

आणखी एक. खोट्या शिक्षणाची जी खूण नव्या करारातही सांगितली आहे आणि समर्थांनीही, ती शब्दांच्या पोशाखात शोधायला सांगितलेली नाही. झाड फळांवरून ओळखावे असे तेथे आहे. पोट जाळण्यासाठी गुरुपण करणारा, चमत्कारांचा बाजार मांडणारा, भाबड्यांना भीती घालून स्वतःभोवती गोळा करणारा, असा मनुष्य येथे आहे. टिळकांनी उतारवयात बांधलेला पगार सोडला. दुष्काळातली अनाथ मुले त्यांच्या घरी वाढली. या कसोटीवर त्यांना तपासून मग खुशाल फुल्या माराव्यात.

एवढे सर्व मी विद्यार्थ्याला एका बैठकीत सांगितले नाही; तो तीन वेळा आला. तिसऱ्या खेपेस त्याने विचारले, की त्यांच्या मंडळीच्या सभेत हा विषय निघणार आहे, तर मी दोन ओळींचे मत लिहून देईन का. मी नकार दिला. त्यांच्या उपासनेत काय म्हणावे हे ठरविणे त्यांचे काम. बाहेरच्या प्राध्यापकाने त्यात चिठ्ठी पाठविणे म्हणजे पुन्हा बोस्टनहून नगरचा निवाडा केल्यासारखे झाले असते. मी त्याला फक्त सनावळी उतरवून दिली, आणि ‘स्मृतिचित्रे’ची माझी प्रत वाचायला दिली. सभा दोनदा पुढे ढकलली गेली असे कळते. प्रत त्याने परत आणली नाही. ती सध्या आजीबाईंकडे आहे. पेन्सिलीच्या फुल्या खोडरबराने पुसल्या तरी पानावर त्यांचे वळ राहिले आहेत, असे तो म्हणाला.